जिनिंगच्या आवारातला ट्रॅक: आमची गोकार्ट वळणावर सरळच काहून जाते?

रिवायंडिंगवाला (वणी तालुका)

राजेहो, प्रश्न गाडीचा आहे. पण कोणती गाडी, कुठं चालते हे सांगितल्याबिगर उत्तर मिळणार नाही, म्हणून थोडं लांबून येतो.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या तीन आन् पाच एचपीच्या मोटरी, सबमर्सिबल, कधी पिठाच्या चक्कीची. रब्बीत कास्तकार रात्री अकराला दार वाजवतात, कारण शेतीची लाइन रात्रीची आन् मोटर जळते तीही रात्रीच. पावसाळ्यात मात्र दुकानात कुत्रं येत नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या दिवसांत भाच्यानं त्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक सांगाडा आणला. पोरांनी कुठल्याशा स्पर्धेसाठी गोकार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी उघडी चारचाकी, बनवलेली. स्पर्धा झाली, पोरं पास होऊन गेली, गाडी वर्कशॉपच्या मागं गंजत पडली. भंगाराच्या भावात, किलोवर घेतली. इंजिन नव्हतं. मी माझ्या पॉवर वीडरचं काढून बसवलं: २१२ सीसी, ७ एचपी, दोरी ओढून सुरू होणारं. कपाशीत डवरणी आता कोण करणार, हे बायको अजून विचारते.

ती झाली एक नंबरची गाडी. मग पोट्ट्यांना चव लागली. आज आमचा क्लब आहे: अकरा मेंबर, तीन गाड्या, महिन्याला दोनशे रुपये वर्गणी आन् एकच लेखी नियम, जो ठोकेल तो वेल्डिंगचे रॉड आणेल. मेंबरांत एक दूध डेअरीवाला, दोन ट्रॅक्टर ड्रायव्हर, एक माणूस असा जो गाडीत कधीच बसत नाही, फक्त फेऱ्या मोजतो, बाकी कॉलेजची पोट्टी.

ट्रॅक म्हणजे एका जिनिंगचं, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार. कापसाचा हंगाम सरला, गाठी उचलल्या गेल्या की एवढं मोठं सिमेंटचं अंगण रिकामं पडते. मालकानं दोन अटी टाकल्या. कापूस पडला की गाडी फाटकाच्या आत येणार नाही, आन् पेट्रोल फाटकाबाहेर भरायचं. रुईला लागलेली आग काय असते हे इकडं कोणाला शिकवावं लागत नाही. रात्रभर आतल्या आत धुमसते आन् विझली म्हणता म्हणता सकाळी पुन्हा पेटते. अटी मान्य. आम्ही चुन्यानं रेषा मारल्या. एक फेरी ३१० मीटर, फितीनं मोजलेली. वजनकाट्यापासून निघायचं, शेडच्या बाजूनं ७० मीटर सरळ, पाण्याच्या टाकीला उजवा वळसा, मग सरकीच्या गोदामासमोर डावं अर्धगोल वळण आन् परत.

आता दुखणं. एक नंबर गाडी छान वळते. दोन आन् तीन नंबर मी स्वतः बनवल्या, एक नंबर समोर उभी करून, एकेक माप घेऊन. सव्वा इंची पाइप, मागं ३० मिमीचा शाफ्ट, यूसीपी २०६ बेअरिंग, ४२८ ची चेन, मोटारसायकलचा डिस्क ब्रेक. इंजिनंही तसलीच. तरी या दोघी वळणावर स्टिअरिंग फिरवलं की नाक सरळच ठेवतात. पुढची चाकं वळलेली दिसतात, घासत जातात, गाडी मात्र आपल्या वाटेनं. तान्ह्या पोळ्याला गाड्यांना बेगड आन् फुगे लावून लेकरांसमोर फेरी मारली, तर डेअरीवाल्याची दोन नंबर गाडी गोदामासमोर सरळ टायरांच्या भिंतीत. लागलं काही नाही, पण फुगे एकदम फुटले आन् लेकरांनी टाळ्या वाजवल्या. तो उतरून म्हणे, "भाऊ, हे वयतच नाई ना! इंजिनात दमच नाई."

एक नंबर ३८ सेकंदांत फेरी मारते, दोन नंबरला ४३ लागतात. क्लबात ठराव होऊन राहिला आहे की वर्गणी काढून १३ एचपीचं, ३९० सीसीचं इंजिन घ्यायचं. मला वाटते दम कमी नाही, दुसरंच काही आहे. पण मी मोटरीतला माणूस. तांब्याची तार कळते, चाक कळत नाही. घ्यावं का इंजिन?

रंकाळा_१२५ (कोल्हापूर)

अजिबात घेऊ नका. मी काही वर्षं १२५ सीसीची टू-स्ट्रोक कार्ट चालवली आहे, कमरेचे मणके अजून साक्ष देतात. पुढची चाकं वळून घासत सरळ जाणं, याला अंडरस्टिअर म्हणतात. त्यावर मोठं इंजिन बसवलंत तर मागून ढकल वाढेल आणि गाडी त्याच भिंतीत जास्त जोरात जाईल.

मला आधी सांगा, टायरांत हवा किती? पुढचं चाक ज्या खिळ्यावर फिरतं तो किंगपिन उभा आहे की मागं कललेला? बसल्यावर ड्रायव्हरचे गुडघे स्टिअरिंगला लागतात का? आणि सगळ्या वळणांवर सारखंच होतं की एखाद्यावर जास्त?

आणखी एक. ७ एचपी म्हणजे काही कमी नाही हो. भाड्याच्या ट्रॅकवरच्या कितीतरी गाड्या तेवढ्यावरच चालतात आणि लोक उतरताना हात थरथरत उतरतात.

रिवायंडिंगवाला

भाऊ, ओळीनं सांगतो.

हवा ३० पीएसआय. मोटारसायकलीत मागं तेवढीच भरतो म्हणून भरली.

गुडघे लागत नाहीत, सीट ऐसपैस मागं आहे. आमचा एक ट्रॅक्टर ड्रायव्हर सहा फुटाचा, त्याच्या मापानं बसवली.

वळणांचं म्हणाल तर टाकीच्या वळशाला घासते, पण निघते. गोदामासमोर निघतच नाही. तिथं एक नंबरही कधीमधी सटकते, हे तुम्ही विचारलं म्हणून आठवलं.

किंगपिन अगदी उभा. मी काटकोनाचा गुण्या लावून लावून वेल्ड केला आहे, दोन्ही गाड्यांत, दोन्ही बाजूंना, ९० म्हणजे ९०. काम साफ आहे, कोणीही येऊन बघावं. उलट एक नंबरचेच किंगपिन धरणारे सी-ब्रॅकेट वाकलेले आहेत, वरचं टोक ड्रायव्हरकडं आन् थोडं आत झुकलेलं. कॉलेजच्या पोरांनी कुठं तरी ठोकली असेल. या दिवाळीत ते गरम करून सरळ करायचं मनात आहे.

वर्कशॉप_तीन (अमरावती)

थांबा! ते सरळ करू नका!

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. विद्यार्थ्यांच्या अशा दोन-तीन गाड्या माझ्या डोळ्यांदेखत बनल्या आणि डोळ्यांदेखत भंगारात गेल्या, त्यामुळे तुमची एक नंबर कुठल्या जातीची आहे ते मला बरोबर कळलं. भाऊ, तुम्हीच विचार करा. दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट सारखेच वाकले? इतक्या गुण्यात अपघात होत नाही. ते मुद्दाम तसे वेल्ड केलेले आहेत.

कारण सांगतो. कारला डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि डिफरन्शियल दोघांना वेगवेगळं फिरू देतं. गोकार्टला ते नाही. मागं एकच अखंड शाफ्ट, दोन्ही चाकं त्याला जखडलेली, दोघं एकाच गतीनं फिरणार. म्हणजे मागच्या दोन चाकांना सरळच जायचं असतं आणि पुढची दोन बिचारी एकटी ओढत असतात. जिंकतं कोण? मागचे. वजन त्यांच्यावर जास्त असतं.

मग कार्ट वळते कशी? आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचलून. एक चाक हवेत गेलं की भांडण संपलं. ते उचलण्याचं काम तो "वाकलेला" किंगपिन करतो. वरचं टोक मागं कललेलं असलं की स्टिअरिंग फिरवताना आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. गाडीला स्प्रिंग नाहीत, शॉकअप नाहीत, त्यामुळे सगळी फ्रेम पिळली जाते आणि तिरक्या टोकाचं, म्हणजे आतलं मागचं चाक हलकं होतं. या कलण्याला कॅस्टर म्हणतात. विद्यार्थ्यांच्या गाड्यांत तो साधारण १२ ते १५ अंश ठेवतात.

तुमच्या दोन गाड्यांत तो शून्य आहे. तुम्ही गुण्या लावलात ना!

खात्री करायची तर एक नंबर जॅकवर न चढवता सपाट फरशीवर उभी करा, कोणाला तरी सीटवर बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा आणि डाव्या मागच्या चाकाखालून कागद ओढून बघा. नंतर दोन नंबरवर तेच करा.

जाता जाता: वीडरचं इंजिन लावलं याची लाज वाटून घेऊ नका. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली गोकार्ट बनवली तीच गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. शेतीचं इंजिन हा या खेळाचा मूळ पुरुष आहे.

धुरकरी (तळेगाव दशासरकडचा)

मी पटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा माणूस, मला पेट्रोलचा वास सोसत नाही, पण सरांचं वाचून गंमत वाटली. आमच्या बैलगाडीची चाकं आसावर मोकळी फिरतात, डावं वेगळं, उजवं वेगळं. म्हणून ती बांधावरही जागच्या जागी वळते. शंभर वर्षांत एकाही सुताराला दोन चाकं आसाला ठोकून टाकायची बुद्धी झाली नाही. मग तुम्ही काहून ठोकता? एक चाक मोकळं सोडा, झालं काम.

बाकी तुमच्या क्लबाचं मला बरं वाटलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर उघडल्या आन् २०२३ च्या मे महिन्यात पाच न्यायमूर्तींनी कायदा मान्य केला. मधल्या सात-साडेसात वर्षांत आमच्याकडचे पोट्टे धुरेवर बसायचं विसरले आन् मोटारसायकल घेऊन डांबरी रोडवर पट लावायले शिकले. त्यातले काही आज नाहीत. त्यापरीस चुन्याच्या रेषेच्या आत, टायरांच्या भिंतीत घुसलेलं बरं.

घड्याळ कोणतं वापरता? मोबाइलनं अंगठा दाबून मोजत असाल तर ३८ आन् ४३ मधला फरक सांगता येते, ३८ आन् साडेअडतीसमधला नाही. पटात एका सेकंदाच्या आत पाच जोड्या बसतात, तिथं अंगठा चालत नाही.

रंकाळा_१२५

धुरकरी काका, तुमचा सुतार हुशार आहे. घरगुती कार्टमध्ये एक चाक मोकळं सोडणारे लोक आहेत आणि गाडी वळतेही. पण यांचा ब्रेक शाफ्टवर आहे. एक चाक मोकळं सोडलं तर ब्रेक एकाच चाकाला लागेल आणि ७० मीटर सरळ आल्यावर गाडी एका अंगाला खेचेल. बैलगाडीला ब्रेक लागत नाही, तिला बैल लागतात.

रिवायंडिंगभाऊ, सर सांगतात ते कॅस्टरचं काम कराच, पण वेल्डिंग कापण्याआधी फुकटात होणारं करून घ्या. हवा १४ ते १६ पीएसआयवर आणा, थंड टायरला मोजून. ३० वर तो टायर मधल्या पट्टीवरच चालतो, दगडासारखा. दुसरं, सीट. कार्टमध्ये सगळ्यांत जड सुटा भाग ड्रायव्हर असतो. तो मागं बसला की पुढची चाकं उपाशी. ड्रायव्हरसकट पुढे ४० ते ४३ टक्के वजन यायला हवं. वजन करा.

आणि इंजिनाची गती आवरणाऱ्या गव्हर्नरला हात लावू नका. पोरं कधी ना कधी तारेनं बांधून ठेवायचं सुचवतील. ही इंजिनं साधारण मिनिटाला ३६०० फेऱ्यांना आवरलेली असतात. मोकळी सोडली तर कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेस फोडतो, आणि फ्लायव्हील फुटलं तर ते तुमच्या बरगडीपासून एक हातावर असतं.

चेनची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, किती दात्यांचे आहेत तेही सांगा.

शाळेतली_ताई (झरी जामणी)

मी गाडीतलं काही सांगायला आले नाही. तुम्ही लेकरांसमोर फेरी मारली म्हणता, आणि क्लबात पोट्टेच दिसतात, पण उद्या पोरी येतीलच. माझीच लेक अकरावीत आहे, तिला हे वाचून दाखवलं तर दोन दिवस झाले डोकं खाते आहे.

तुमचा तो शाफ्ट उघडा आहे का? चेनवर झाकण आहे का? गोकार्टच्या फिरत्या भागात केस अडकून बायकांचे जीव गेले आहेत. २०१८ मध्ये हरियाणात, २०२० मध्ये हैदराबादेत. पेपरात वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. वेणी घातली म्हणजे झालं असं नाही. वेणी पाठीमागं लोंबते आणि शाफ्ट पाठीमागंच असतो. ओढणी तर त्याहून वाईट. दुपट्टा बांधून स्कूटीवर जायची सवय आपल्या सगळ्या पोरींना आहे, गाडीत बसताना तो काढायचं कोणाला सुचत नाही.

दुसरं, टायरांच्या भिंतीत पाणी साचतं. आमच्याकडे ग्रामपंचायतीनं शाळेच्या मैदानात रंगवलेले टायर पुरले होते, आशाताई येऊन टॉर्च मारून बघते तर अळ्याच अळ्या. डेंग्यूच्या दिवसांत शंभर टायर म्हणजे शंभर रांजण.

आणि कारचा बेल्ट बसवला आहे का गाडीत?

रिवायंडिंगवाला

ताई, तुमचं वाचून दुकान बंद केलं आन् आधी शाफ्ट झाकला. खरं सांगतो, उघडाच होता. जळालेल्या मोटरीचे पंख्याचे पत्र्याचे कव्हर माझ्याकडं ढिगानं पडले आहेत, ते कापून चेनला आन् डिस्कला लावले, शाफ्टवर सीटमागं एक पत्रा वाकवून बसवला. नियमाच्या वहीत दुसरी ओळ लिहिली: दुपट्टा, गमछा, मफलर, लोंबणारं काहीही नाही; केस टोपीत, टोपी हेल्मेटात, आन् हे न केलेल्याला दोरी ओढू द्यायची नाही. लेकीला घेऊन या. पण जुन्या पँटीत.

टायरांचं खरं निघालं. ६० टायर आहेत, ट्रकचे, तीन ओळींत. एकेकाला खाली दोन-दोन भोकं पाडली, दोन दिवस ड्रिल चाललं. भोकातून जे पाणी आलं त्याचं वर्णन करत नाही. भिंतीच्या तोंडावर कोळसा खाणीतल्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा पट्टा आधीच लावला आहे. वणीत भंगारवाल्याकडं मिळतो, जड फार, चार जणांनी उचलला. त्यानं गाडीचं नाक दोन टायरांच्या मधात अडकत नाही, घसरत जाते.

बेल्टचा प्रश्न मला उलटा विचारायचा होता. मी एका भंगार व्हॅनचा बेल्ट दोन नंबरला बसवला आहे. बरोबर की चूक?

रंकाळाभाऊ, स्प्रॉकेट पुढं १४, मागं ४२. गव्हर्नरबद्दल पोट्ट्यांनी आधीच विचारलं होतं. मी म्हटलं, दोन पोलची मोटर आपल्या ५० सायकलच्या लाइनवर ३००० च्या आतच फिरते आन् तरी बेअरिंग गेलं की घर हलते. ३६०० काय कमी आहे?

वर्कशॉप_तीन

बेल्टचं उत्तर गाडीवर अवलंबून आहे. डोक्यावर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारी कमान, असेल तर बेल्ट हवाच. तुमच्यासारख्या उघड्या रेसिंग धर्तीच्या गाडीला रोल बार नसतो आणि म्हणून बेल्टही नसतो. गाडी उलटली तर माणूस सुटून बाजूला पडायला हवा, गाडीखाली बांधलेला राहायला नको. तेव्हा व्हॅनचा बेल्ट काढा. त्याऐवजी सीटच्या कडा उंच करा, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट आणि मानेची पट्टी सक्तीची करा.

१४-४२ म्हणजे तीनास एक. ११ इंची मागच्या टायरवर, ३६०० फेऱ्यांना, ताशी ६३ किलोमीटर. ७० मीटरच्या पट्ट्यात ६३ गाठणार कधी? तुमचा क्लच निम्मा वेळ घसरत असणार, वास येत असेल. पुढे १२, मागे ४८ करा. चारास एक. कमाल वेग ४७ वर येईल, आणि फेरीचा वेळ कमी होईल. हे पोरांना पटवणं अवघड जातं, माझ्या वर्गालाही जातं.

रंकाळा_१२५

ताईंच्या लेकीसाठी: रविवारी गावच्या ट्रॅकवर फिरायला काही लायसन्स लागत नाही, पण पुढं खरोखर राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं झालं तर एफएमएससीआय या आपल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स काढावं लागतं. अकरावी म्हणजे उशीर झाला असं कोणी म्हणेल, लक्ष देऊ नका. फॉर्म्युला वनचे आयर्टन सेना काय, शूमाकर काय, सुरुवात कार्टमधूनच, हे खरं. पण सगळ्यांनी तिथंच पोचायला हवं असं कुठं आहे.

रिवायंडिंगवाला

अकरा दिवसांनी लिहितो. मधात चार मोटरी आल्या, पाऊस उघडला की कास्तकाराला सोयाबीन दिसत नाही, मोटर दिसते.

पहिलं काम वजन. राशन दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा एका रात्रीसाठी मागितला. काटा एका चाकाखाली, बाकी तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, असं चार वेळा. गाडी आन् डेअरीवाला मिळून १५५ किलो. पुढं डावं २६, पुढं उजवं ३३, मागं डावं ४४, मागं उजवं ५२. म्हणजे पुढं सारं मिळून ५९, शंभरात ३८. सीट तीन इंच पुढं आन् दीड इंच डावीकडं सरकवली, कारण इंजिन उजवीकडं आहे. मग ३०, ३४, ४२, ४९. पुढं ६४ झाले, शंभरात ४१. सहा फुटी ट्रॅक्टर ड्रायव्हर रुसला आहे. त्याचे गुडघे आता कानाला लागतात. त्याच्यासाठी तीन नंबर तशीच ठेवू म्हणतो. हवा १५ केली. एवढ्यावर दोन नंबर ४३ वरून साडेएकेचाळीसवर आली.

मग सरांची कागदाची परीक्षा. एक नंबरवर भाच्याला बसवलं, स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, आन् डाव्या मागच्या चाकाखालून राशनची पावती अशी निघाली जशी दाराच्या फटीतून निघते. दोन नंबरवर तेच केलं तर पावती फाटली. अर्धी माझ्या हातात, अर्धी चाकाखाली. दुकानात आठ जण होते, कोणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, तुमचा गुण्या."

मोबाइलमधल्या पाणसळीनं एक नंबरचा कोन मोजला. मागं १३ अंश, आत १०. दोन नंबरचे ब्रॅकेट ग्राइंडरनं कापले. सांगतो, स्वतःचं साफ वेल्डिंग कापायला जीव होत नाही. सहा जागचा मणी असा सलग होता की बोट फिरवलं तरी अडत नव्हतं. तेच मी तिरपं करून पुन्हा मारलं, लाकडाची पाचर कापून टेकू देऊन. आता बघणाऱ्याला गाडी ठोकलेली दिसते. गाडी टाकीच्या वळशाला आत शिरते आन् बाहेर येताना आतलं मागचं चाक खरंच बोटभर उचलते, डेअरीवाल्याच्या मित्रानं मोबाइलवर हळू करून दाखवलं. वेळ ३९.

पण गोदामासमोर पुन्हा सरळ. पुन्हा बेल्टवर. या वेळी फुगे नव्हते.

मग मी तिथं उकिडवा बसून सिमेंट बघितलं. गोदामातून सरकीची पोती ट्रकमध्ये भरताना जी सांडते ती सारी तिथं. झाडून काढलेली वाटते, पण फरशीच्या जोडांत बसून राहते, टायर गेला की उसळून वर येते. बोटानं दाबली तर छर्र्यासारखी सरकते. आन् जोडांत जिथं माती आहे तिथं पावसानं उगवली होती. दोन पानांचे कपाशीचे कोंब, सरळ रांगेत, जसे सरत्यानं पेरले. चार माणसांनी खराट्यानं नाही, खिळ्यानं उकरून जोड साफ केले. कोंब एकानं उपटून बांधावर नेऊन लावले, लागले तर सांगतो.

१२-४८ ची जोडी चंद्रपूरहून आणली. मागचं स्प्रॉकेट आता जमिनीपासून दीड इंचच वर आहे, नाल्याच्या जाळीवरून जाताना श्वास रोखावा लागते. काल संध्याकाळी धुरकरी काकांच्या ओळखीचा माणूस पटातलं घड्याळ घेऊन आला, दोरा बांधून. त्या घड्याळात दोन नंबर ३७.४१. एक नंबर ३८.०६. डेअरीवाला गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. शेवटी त्याला सांगितलं, संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली.

१३ एचपीचा ठराव मागं घेतला. पैशातून पाच हेल्मेटं आन् मानेच्या पट्ट्या येतील. ताई, एक लहान मापाचं आणतो.

दसऱ्यानंतर सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागेल, पहिली कापसाची गाडी आली की आम्ही फाटकाबाहेर. तोवर चार रविवार आहेत. तीन नंबर उद्या कापायला घेतो. ट्रॅक्टर ड्रायव्हर वळायचं कबूल झाला आहे, गुडघ्यांसकट. फक्त दुकानात गुण्या सापडत नाही. भाच्यानं लपवला, असा माझा संशय आहे.